गोंब्यांच्या फळीखालची खुर्ची

बाळांनो, काल मी चार घडीच्या लोखंडी खुर्च्या घेतल्या. दुकानदाराने आधी प्लास्टिकच्या दाखवल्या. त्या हलक्या होत्या, स्वस्त होत्या आणि एकावर एक रचता येत होत्या, पण बसायची जागा मध्ये खोलगट. मी पर्समधली पट्टी आडवी ठेवून पाहिली. तो हसला. "अम्मा, यावर माणसं बसवणार की फळ्या ठेवणार?"

"दोन्ही," मी म्हटलं.

दसऱ्याला इथे म्हैसुरात घरोघरी पायऱ्यांवर गोंबे, म्हणजे बाहुल्या, मांडतात हे तुम्ही फोटोत पाहिलं आहे. पांढऱ्या धोतराखालच्या त्या पायऱ्या कशाच्या असतात, हे मात्र फोटोत दिसत नाही. आमच्या घरी खाली विटा, वर ट्रंका आणि मधल्या पायरीला खुर्च्या असत. घरात जादा खुर्च्या चारच. वर्षभर त्या पाहुण्यांच्या, नऊ दिवस गोंब्यांच्या.

लग्नानंतरच्या दुसऱ्या दसऱ्याला पायऱ्या रचायचं काम माझ्याकडे आलं. मी टेपने मापं घेऊन कागदावर आराखडा काढला. सासूबाई म्हणाल्या, "एक खुर्ची बाहेर ठेव गं, कोण येईल सांगता येत नाही." मी म्हटलं, "मग पायरी एका बाजूला आखूड दिसेल." चारही खुर्च्या आत गेल्या.

पाचव्या दिवशी सरगूरच्या बसने आत्या आल्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. माझ्या लग्नात गर्दीत त्यांना कुणी बसायला दिलं नव्हतं. दुखरा गुडघा घेऊन त्या बराच वेळ उभ्या होत्या, मग न जेवता निघून गेल्या. तेव्हापासून त्यांनी या घरात पाऊल टाकलं नव्हतं. त्या वर्षी सासूबाईंनी स्वतः पत्र लिहून बोलावलं होतं.

आत्यांनी हळदीकुंकू लावून घेतलं, गोंबे पाहिले, मग खोलीभर नजर फिरवली. जमिनीवर सतरंजी, बाकी काही नाही.

"छान मांडलंय हो वहिनी. तुमच्या घरी गोंब्यांना खुर्च्या आणि माणसांना जमीन."

शेजारून खुर्ची आणावी म्हटलं तर शेजारच्याही खुर्च्या त्यांच्या गोंब्यांखाली. आणि एकदा बसवलेला गोंबा विजयादशमीपर्यंत हलवायचा नाही, असा नेम. त्या रात्री एकेक आडवा करून झोपवायचा, मगच उचलायचा. आत्यांनी चपलांकडे पाहिलं.

सासूबाई उठल्या. मधल्या पायरीच्या टोकाला डाळ-तांदळाचं छोटं दुकान मांडून शेट्टी वाणी आणि त्याची बायको, ही गोंब्यांची जोडी बसली होती. सासूबाईंनी दोघांना हलकेच आडवं केलं.

"आज तुम्ही लवकर झोपा. आमच्या वन्सं आल्यात."

दोघांना पदरात घेऊन त्यांनी मला खुणावलं. मी फळी उचलून धरली, त्यांनी टोकाची खुर्ची बाजूने ओढून काढली आणि पदराने पुसली.

"कूतकोळ्ळी वन्सं, बसा."

आत्या बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्या शेट्टीला उपाशीच झोपवलंत का वहिनी?" सासूबाईंनी नैवेद्याचं सुंडल, म्हणजे हरभऱ्याची सुकी उसळ, वाढलं. आत्यांनी दोनदा मागून घेतलं, आणि जेवायलाही थांबल्या. माझी पायरी उरलेले दिवस एका बाजूला लंगडी दिसत राहिली. येणारी प्रत्येक बाई विचारी आणि सासूबाई सांगत, "आमच्या वन्सं आल्या होत्या ना." एकदाही त्यांनी माझं नाव घेतलं नाही.

त्यानंतर आत्या दर दसऱ्याला आल्या, चालवत होतं तोवर.

आता माझेच गुडघे कुरकुरतात, आणि जुन्या खुर्च्या गंजून गेल्या. यंदा दसऱ्याला यायला तुम्हाला रजा मिळेल की नाही, हे मी विचारत नाही. सुताराकडून मधली फळी एका खुर्चीएवढी आखूड कापून आणली आहे. तीन खुर्च्या तिच्याखाली जातील. चौथी दाराजवळ उघडून ठेवणार आहे.