मोटेच्या चामड्याची चकती

लग्नाला चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हाचं सांगते. आमचे हे अनसिंग ते वाशीम सर्व्हिस मोटर चालवायचे. मोटर शेठची, लष्करानं टाकून दिलेली, वर लाकडी बाकं ठोकलेली. तिला एक खोड होती. हळू चालली तर चांगली, पळवली तरी चांगली, पण मधल्या एका वेगाला आली की खालून अशी घुमायची, की बायांच्या बांगड्या वाजायच्या. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना नेणारा लांब दांडा असतो, शाफ्ट म्हणतात त्याला. त्याचा सांधा दोनदा तुटला होता. शेठ म्हणाले होते, "आता तुटला तं मोटर भंगारात आन् तू घरी."

मी विचारलं, "दांडा वाकते काय वो?"

"वाकत नाई वं, मुरगळते." मी लुगडं पिळत होते, तिकडं बोट दाखवून हे म्हणाले, "पीळ सोडला का कसं उलटं फिरते? इंजिन धक्क्याधक्क्यानं जोर लावते. दांडा पिळते, सुटते, पिळते, सुटते. यक दिवस तुटनच."

"मंग मधात काई मऊ ठेवा ना. जात्यावर नवी पोरगी हिसके मारते तवा मी हात सैल सोडतो. धक्का हातातच मुरते."

"वा वं मिस्त्रीनबाई!"

हसले खरे, पण दुसऱ्याच दिवशी माझ्या माहेरची फाटकी मोट घेऊन आले, विहिरीवर बैल ओढतात ती चामड्याची. मोटा शिवणाऱ्या म्हाताऱ्या बाबांनी तिच्यातून भाकरीएवढी, चार पदरी चकती शिवून दिली. ह्यांनी जुना सांधा काढला आणि ती चकती मधात बोल्टांनी आवळली.

काय सांगू, घुमणंच बंद! बाया म्हणत, "बांगड्या मुक्या झाल्या वं माय."

चामडं सुकू नये म्हणून दर आठ दिवसांनी मी स्वतः मोटरीखाली शिरून तिला तेल पाजायची. घरी जवसाचं होतं, तेच. हे म्हणायचे, "माह्यापेक्षा तिचेच लाड करून राह्यली तू."

उन्हाळा लागला आणि घुमणं परत आलं. ह्यांनी चकतीवर बोट वाजवलं, तर लाकडासारखी टकटक. नवी करायला एक दिवस मागितला. शेठ म्हणाले, लग्नसराईत मोटर उभी राहणार नाही. तिसऱ्या दिवशी वऱ्हाड भरलेलं असताना चकती फुटली आणि दांडा सुटून रस्त्यावर आदळला. कोणाला लागलं नाही, तेवढंच. शेठनं नुसता हात पुढं केला. ह्यांनी त्यावर चावी ठेवली.

फुटकी चकती मी एकटीच त्या मोटा शिवणाऱ्या बाबांकडे घेऊन गेले. त्यांनी ती हुंगली.

"जवसाचं पाजलं काय वं बाई? ते तं वाळून टनक होते. करंजाचं तेल द्याचं होतं."

बैलगाडीच्या चाकांना माझे वडील दर साल जवसाचंच तेल द्यायचे, लाकूड टणक व्हावं म्हणून. लहानपणापासून बघत आले होते मी!

मोटर भंगारात गेली. हे कापसाच्या जिनात सरकी उपसायला जाऊ लागले. दुसरी मोटर कोणी हातात दिली नाही. "तुह्या माहेरची मोटच कुजकी होती," म्हणायचे. आधी थट्टेनं, मग थट्टाही राहिली नाही. माझ्या वडलांच्या दारी जाणं सोडलं त्यांनी. तेलाबद्दल मी तोंड उघडलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले, आणि शेवटच्या आजारातही ते त्या मोटेलाच बोल लावत गेले.