डाव्या चाकाचं कुंकू

गुरुवारी कंपनीला सुट्टी, म्हणून तिथले एक जुने फिटर थेरगावहून सायकल हाणत आमच्या शेडवर यायचे. फ्लाइंग क्लबचं एक जुनं, दोन माणसांचं विमान आम्ही तिथे पुन्हा उभं करत होतो. चहा विचारला की म्हणायचे, "उडल्यावर घिऊ."

नवा भाग हातात दिला की त्यांचा एकच प्रश्न, "शिक्का हाय का?" मंजुरीचा शिक्का नसला, तर भाग कितीही चकचकीत असो, ते तो बाकावर पालथा घालायचे. डाव्या चाकाच्या ब्रेकचा भाग मी भोसरीत हुबेहूब बनवून आणला होता. तोही पालथा पडला. मला त्यांचा असा राग यायचा!

खंडेनवमीला त्यांनी हत्यारांबरोबर विमानाचीही पूजा केली. इंजिनाला, दोन्ही पंखांना, उजव्या चाकाला कुंकू लावलं आणि उठले.

"अहो, डावं राहिलं," मी म्हणालो.

"भाग येत न्हाई तवर ते चाक न्हाई."

दिवाळीनंतर शिक्क्याचा भाग आला. त्यांनी तो बसवला, खिशातून खंडेनवमीच्या कुंकवाची पुडी काढली आणि चाकाला बोट टेकवलं.

विमान उडालं तेव्हा आम्ही वर बघून टाळ्या पिटत होतो. ते मात्र खाली बघत धावपट्टीच्या टोकापर्यंत चालत गेले आणि हसत परत आले. दोन्ही तळहात रिकामे दाखवत म्हणाले,

"काय बी गळालं न्हाई, राव. आणा आता च्या."