बुधवारची दातदुखी

दुधनीहून आणलेलं एक बाळ माझ्या हातातच दगावलं आणि तेव्हापासून माझे हात थरथरायला लागले. सलाईन लावताना पेशंटच्याही लक्षात यायचं. सिल्वासातल्या आमच्या हॉस्पिटलात स्टाफसाठी दर बुधवारी दुपारी समुपदेशक बसायच्या. नोटिशीत लिहिलं होतं, 'पूर्ण गुप्तता'. कसली डोंबलाची गुप्तता! वॉर्ड सोडून पाच मिनिटं जायचं तरी रजिस्टरमध्ये नाव, वेळ आणि कारण लिहावं लागायचं, आणि ते रजिस्टर टेबलावर सताड उघडं. खरं कारण लिहिलं असतं तर संध्याकाळपर्यंत आमलीतल्या माझ्या शेजारणीलाही कळलं असतं.

म्हणून मी लिहिलं, 'दात दुखतो'. चार बुधवार तेच लिहिलं.

पाचव्या बुधवारी इन्चार्ज सिस्टरने रजिस्टरवर हात ठेवला. या बाईंना डॉक्टरही टरकून असायचे.

"दातांचे डॉक्टर महिनाभरापासून रजेवर आहेत," त्या म्हणाल्या. "तुझा दात बघतं कोण?"

माझी नोकरी कंत्राटी होती. आता ती गेलीच, असं वाटलं.

त्यांनी रजिस्टरची पानं भराभर मागे उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. गेल्या वर्षीचा बुधवार, दुपारची वेळ, कारण दातदुखी. पुढे सही त्यांची स्वतःची होती. पुढच्या बुधवारीही तीच, त्याच्या पुढच्याही.

मग आजचं पान काढून त्यांनी पेन माझ्या हातात दिलं.

"डोळे लिही," त्या म्हणाल्या. "ते डॉक्टर हजर आहेत."