छताचं म्हणणं

कन्हानजवळच्या एका कोळसाखाणीत मी सरदार होतो. नावाला सरदार, घोडा नाही, तलवार नाही, हातात एक लोखंडी सळई. पाळी सुरू होण्याआधी तिनं छत ठोकायचं. खणखणीत वाजलं तर माणसं आत, भद्द वाजलं तर बाहेर. टोळीत बारा जण, त्यांतला एक माझा धाकटा भाऊ.

ऐंशीनंतर कधीतरी नागपूरहून एक तरुण इंजिनिअर आला. त्यानं छतात मशीन बसवलं. छत केसभर खाली आलं तरी ते मोजणार, तारेनं आकडा वर ऑफिसात जाणार आणि तिथला कॉम्प्युटर सांगणार, आज आत जायचं की नाही.

"पुढं सगळे निर्णय असेच होतील," तो म्हणाला.

मला पहिल्या दिवसापासून संशय. पंख्याखाली बसलेल्या डब्याला खालचं काय कळणार? आणि कळलंच, तर माझी गरज काय? खरं सांगतो, ही दुसरी भीती जास्त होती.

एका सकाळी छत भद्द वाजलं. मी टोळी अडवली. तेवढ्यात वरून फोन आला, आकडा हललेला नाही, जाऊ द्या. भाऊ वैतागला.

"काहून अडवून राहिला दादा? मशीन हो म्हनते ना!"

"मग मशीनले जाऊ दे आत. तू थांब."

दुपारच्या आत छत कोसळलं. आत कोणी नव्हतं. मी तरातरा वर गेलो आणि त्या इंजिनिअरला तोंडाला येईल ते बोललो. फार बरं वाटलं.

दोन दिवसांनी तो स्वतः खाली उतरला. मशीन जागच्या जागी होतं, वरच्या छतासकट.

"याच्याभोवती हे सहा टेकू कोणी लावले?"

मीच लावले होते. महागाची वस्तू, दगड पडून फुटली तर जाब मला विचारणार. म्हणून लकडगंजहून आलेल्या लाकडांतली चांगली जाड निवडून लावली होती. तिथलं छत हलणार कसं? मशीन खरंच सांगत होतं, पण तेवढ्याच जागेचं.

त्यानं माझी तक्रार केली नाही. आणखी चार मशीनं मागवली, आणि माझ्या ठोकण्याचा निकालही रोज कॉम्प्युटरात भरायचं ठरवलं. दोघांचं जुळलं तरच माणसं आत. यातही काही डाव असेल असं मला कितीतरी दिवस वाटत होतं.

घरी भाऊ आईला कौतुकानं सांगत होता, "दादानं मले वाचवलं." मी खाली मान घालून जेवत राहिलो. त्या सकाळी मी रजेवर असतो, तर माझ्याच टेकूंमुळे तो आत गेला असता. हे त्याला मी आजवर सांगितलेलं नाही.