छान झालेली कॉफी

काका कवळ्या करतात. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली आहे, तिथे. भिंतीवरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असतात. काका माणसं चेहऱ्याने ओळखत नाहीत. रस्त्यात कुणी हाक मारली की गोंधळतात. मग तो माणूस हसतो आणि काका म्हणतात, "अरे, तुम्ही होय!"

त्याच खोलीत ते कॉफी करतात. कवळीचं मेण वितळवायची शेगडी वेगळी, कॉफीची वेगळी. कॉफीच्या शेगडीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. हिरव्या बिया आणून ते छोट्या लोखंडी कढईत स्वतः भाजतात. बिया तडतडू लागल्या की बोलणं बंद, मग समोर डॉक्टरीणबाई का उभ्या असेनात. हाताने दळायच्या, फडक्यातून गाळायची. दूध नाही, साखर नाही. पहिल्या दिवशी मी साखर मागितली होती. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की ती माझी कायमची सुटली.

मी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर प्रूफं तपासते. साहित्यात एम.ए. केलं, म्हणून काका मला एम.ए.च म्हणतात.

"काय एम.ए., आज कुणाच्या वेलांट्या मोडल्यास?" असं विचारत कप पुढे करतात. घोट घेताना सुर्र आवाज आलाच पाहिजे, हा नियम.

"कॉफी जिभेवर नसते. जिभेवर नुसता कडूपणा. कॉफी असते टाळूवर. दाबून धर तिथे. आता सोड. लागली?"

"छान आहे."

"तुझं छान राहू दे. तुला सगळंच छान. खोट काढणारं माणूस पाहिजे."

खोट काढणारं माणूस एकच होतं. काकांची थोरली बहीण. आई कामावर जायची तेव्हा ताईंनीच त्यांना वाढवलं. कॉफीचा नादही त्यांनीच लावला. लहानपणी काकांना कॉफी मिळायची नाही. ताई डबा उघडून त्यांच्या नाकाखाली धरायच्या. "हुंग आणि पळ." मोठेपणी त्या दर रविवारी या खोलीत यायच्या. पहिला घोट घ्यायच्या, आणि काका श्वास रोखून उभे राहायचे.

"बाळ्या, घाई केलीस."

"बाळ्या, पाणी उकळतं ओतलंस. पोळली ना बिचारी."

"बाळ्या, भांडून आलायस का कुठे? उतरलंय कपात."

डोकं पांढरं झालं तरी बाळ्याच. काका हे सगळं ताईंच्या आवाजात करून दाखवायचे. चेहरा उजळायचा. मग एकदम कप विसळायला वळायचे. मी ताईंना पाहिलं नव्हतं. मी इथे नोकरीला लागले त्याच्या बऱ्याच आधी त्यांचं येणं थांबलं होतं. का, ते काका एका वाक्यात उरकायचे. "म्हातारपणी माणसाला रुसायला कारण लागतं."

यंदा काकांच्या हिरड्यांनी दगा दिला. वरचे सगळे दात काढावे लागले. जखमा भरल्यावर त्यांनी स्वतःची कवळी स्वतःच केली. घासली, चमकवली, तोंडात बसवली. आरशात पाहून म्हणाले, "एम.ए., लग्नाचा दिसतो की नाही?"

"मुलगी बघू का?"

"आधी कॉफी. मग मुलगी."

त्यांनी घोट घेतला. कप खाली ठेवला. दळलेली कॉफी हुंगली.

"बिया शिळ्या दिसतायत."

त्या कालच भाजलेल्या होत्या. त्यांनी नव्या भाजल्या. पुन्हा केली.

"नळाच्या पाण्याला वास येतोय का गं?"

मला येत नव्हता. कॉफी नेहमीसारखीच लागत होती. मी तसं सांगितलं. काकांनी आणखी एक घोट घेतला, नेहमीसारखी जीभ वर दाबली, आणि तसेच थांबले. जीभ प्लास्टिकला लागली होती.

ते भिंतीकडे वळले. कवळी काढून तळहातावर धरली. त्याच कपातली कॉफी पुन्हा प्यायले. त्यांचे खांदे हळूहळू खाली आले.

"काका?"

ते वळले नाहीत. दातांशिवाय शब्द बोबडे येत होते. "ताई खरं बोलत होती."

मग सगळं बाहेर आलं. ताईंची वरची कवळी काकांनीच केली होती. अशी कवळी अख्खी टाळू झाकते, त्याच आधारावर ती टिकते. चवीचं कुणी विचारलं की काकांचं उत्तर ठरलेलं. चव जात नाही, सवय होते. ताई पहिल्या रविवारी म्हणाल्या, "बाळ्या, काही लागत नाही रे. कोमट पाण्यासारखं." काका म्हणाले, सवय होईल. पुढच्या रविवारीही तेच झालं. त्याच्या पुढच्या वेळी डॉक्टरीणबाई खोलीत होत्या. त्यांच्यासमोर आपल्या कामाला नाव ठेवलेलं काकांना सहन झालं नाही.

"मी म्हणालो, कवळीत खोट नाही, तुझ्यात आहे. जन्मभर सगळ्यांच्यात खोट काढून तुझी जीभच बधिर झालीय."

त्यानंतरही ताई काही रविवार आल्या. फक्त पाणी मागायच्या. काकांना तो टोमणा वाटला. "पाणी प्यायला इतक्या लांब कशाला यायचं?" असं ते म्हणाले. ताई पुन्हा आल्या नाहीत.

"टाळूवर असते, टाळूवर असते, मीच सांगत सुटतो," काका म्हणाले. "आणि तिची टाळू मीच बुजवली."

टाळूचं ते वाक्य मला फार आवडायचं. मैत्रिणींना मी ते कितीदा तरी ऐकवलं होतं. मी हातातला कप खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी काकांनी फळीवरून ताईंचा जबडा उतरवला. तो त्यांनी टाकलेला नव्हता. त्यावर नवी कवळी केली, घोड्याच्या नालेसारखी, मध्ये मोकळी. डॉक्टरीणबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली. "सैल राहील. जेवताना पडेल."

"कॉफीपुरती टिकली तरी बास."

"कॉफीपुरती कवळी!" त्या हसल्या. मग काकांचा चेहरा पाहून त्यांनी कवळी हळूच डबीत ठेवली.

रविवारी कढई, हाताची गिरणी, बिया पिशवीत भरून काका निघाले. "तू चल," मला म्हणाले. "परकं माणूस असलं की ती दार लावणार नाही."

दार ताईंच्या मुलीने उघडलं. "मामा!" एवढंच म्हणाली. ताई खिडकीशी मटार सोलत बसल्या होत्या.

"बाळ्या का? ये. बस. मामाला पाणी दे गं. आणि ही कोण?"

"ही एम.ए."

"म्हणजे करते काय?"

"दुसऱ्यांच्या चुका काढते."

"बरंय. पोटापाण्याला लागली."

काकांना बसवेना. "ताई, माझेही वरचे गेले."

"बघू." काकांनी हसून दाखवलं. ताईंनी वाकून पाहिलं. "चांगली बसलीय की."

"ताई, काही लागत नाही गं."

ताईंनी एक शेंग फोडली. "सवय होते," त्या म्हणाल्या.

टोमणा असता तर बरं झालं असतं. त्या खरंच समजूत घालत होत्या.

काकांनी डबी पुढे केली. "ही घालून बघ. टाळू मोकळी राहते. फक्त कॉफीपुरती."

"केवढं नाजूक काम रे. पण आता कशाला? सुटली माझी कॉफी."

"सुरुवातीला चोरून प्यायची," मुलगी म्हणाली. "स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून, कवळी काढून. कुणी आलं की घाईघाईने बसवायची."

"मग?" काकांनी विचारलं.

"मग काय," ताई म्हणाल्या. "एकटीने किती दिवस प्यायची? नावं ठेवायला समोर कुणी नको?"

काका स्वयंपाकघरात गेले. मी पिशवी धरून उभी राहिले. बिया तडतडल्या आणि काका बोलत राहिले. असं मी कधी पाहिलं नव्हतं. बाहेर ताईंना ऐकू जाईल अशा आवाजात ते बोलत होते, तो डबा आठवतो का, हुंग आणि पळ आठवतं का. बाहेरून नुसता शेंगा फुटल्याचा आवाज येत होता. काकांचा कढईतला चमचा थांबला होता. धूर झाला तेव्हा ते भानावर आले. दुसऱ्या बिया नव्हत्या.

त्याच बिया दळून त्यांनी कॉफी गाळली. ताईंनी आत जाऊन नवी कवळी घातली, बाहेर आल्या, कप घेतला. सुर्र आवाज आला नाही. मीही घोट घेतला. कोळसा. मलासुद्धा कळला.

काका श्वास रोखून उभे होते.

"छान झालीय हो," ताई म्हणाल्या.

"ताई, नीट सांग."

"सांगितलं की. छान झालीय. उगाच एवढा त्रास घेतलास."

त्यांनी कप रिकामा केला. आत जाऊन कवळी बदलून आल्या. नवी धुऊन, पुसून, डबीत ठेवून काकांना परत दिली. "घेऊन जा. इथे कुठेतरी हरवेल. मला हीच बरी. हीपण तूच केलेली."

जिन्यात काका थांबले.

"जळली होती ना?"

"हो."

"खूप?"

"खूप, काका."

त्यांनी मान हलवली. डबी एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात ठेवली.

"पाहुण्याला म्हणतात तसं छान म्हणाली गं."

मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. कढई अजून गरम होती.