कुंडीवरचं भाषण

माझी बढती परीक्षेत अडली नाही, घशात अडली. चार माणसं समोर बसली की माझी बोलतीच बंद व्हायची. अधिकारी झालं की ग्राहकांच्या सभेत बोलावं लागतं, म्हणून चेन्नईतल्या आमच्या बँकेने मला भाषणाच्या प्रशिक्षणाला धाडलं. शेवटच्या दिवशी मोठे साहेब स्वतः ऐकणार होते. बोलता आलं तर बढती, नाहीतर पुन्हा काउंटर.

शिकवणारी पोरगी माझ्या निम्म्या वयाची. तिने मला नुसता वैताग आणला. हात मोकळे ठेवा, पण हलवू नका. मग काय करायचं त्या हातांचं? "नॅचरल व्हा," हे तर उठताबसता. आरशापुढे सराव करा म्हणाली, तोही केला. आरशाची मला भीती कधी होती? "आवडत्या विषयावर बोला. इंग्रजी शब्द अडला तर तुमच्या भाषेतला वापरा, पण थांबू नका," एवढं एकच मला पटलं. आणि तेच भोवलं.

मी विषय घेतला तांबरमच्या घरातली गॅलरीतली बाग. साहेब पहिल्या रांगेत होते. इंग्रजी कशीबशी सुरू झाली. आणि ऐन वेळी 'पॉट' हा एवढासा शब्द आठवेना. थांबायचं नव्हतं. मी बोलत सुटले, "मला कुंडीची फार हौस. कुंडी रोज उन्हात ठेवावी. कुंडीला खाली भोक हवंच."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळा वर्ग. साहेबांनी तोंडात रुमाल कोंबला. ज्या हसण्याच्या धास्तीने मी जन्मभर गप्प बसले, ते हेच हसणं. माझ्या शाखेतली मैत्रीण धावत पुढे आली आणि कानात पुटपुटली, "अय्यो मॅडम, तमिळमध्ये कुंडी म्हणजे आपण ज्यावर बसतो ना, ते!"

माझं तमिळ भाजी आणि बसच्या तिकिटापुरतं. हे मला कोण सांगणार होतं? खरं तर लाजेने मरायला हवं होतं. पण मला आला संताप.

"आमच्याकडे त्यात तुळस लावतात!" मी ओरडले. हशा दुप्पट झाला. "हसून घ्या सगळे. झालं की सांगा, मला पुढे बोलायचंय."

आणि मी बोलले. माती, मुंग्या, वरच्या मजल्यावरून टपकणारं धुण्याचं पाणी, मनात होतं ते सगळं. हात हवे तसे हलत होते. शिकवणाऱ्या पोरीने वेळ संपल्याची घंटा वाजवली. थोड्या वेळाने पुन्हा वाजवली.

साहेब डोळे पुसत म्हणाले, "मॅडम, तुम्ही पास. आता बसा."

"थांबा हो," मी म्हटलं, "खताचं राहिलंय."