अर्धलीची गाय

तरण्या गाईच्या मागे सगळा बाजार लागतो, मी म्हाताऱ्या गाईच्या मागे लागते. पाचव्या-सहाव्या वेताची, शिंगांवर वळ्या पडलेली, पण पोटात वासरू असलेली गाय दिसली की माझे पाय तिथेच थांबतात. गिऱ्हाईक तिचे दात बघतं, नाक मुरडून पुढे जातं, आणि मग मी पुढे होते. तोवर भाव पडलेला असतो. गाय दारात आणायची, महिना-दोन महिने चांगलं चारायचं, व्याली की दूध काढून दाखवायचं आणि वासरासकट विकायची. पायाशी वासरू बागडत असलं की गाईचं वय फारसं कुणी काढत नाही. बायकांनी हा धंदा करू नये असं मला आमच्या उमापूरकडच्या बऱ्याच शहाण्यांनी सांगून बघितलं. नवरा शेत बघतो, जनावरं मी बघते, तुम्ही तुमचं घर बघा, असं मी त्यांना सांगते.

माझ्या खरेदीचे खरे दिवस दसऱ्याच्या आसपासचे. ऊसतोडीला जाणारी घरं तेव्हा सामान बांधायला लागतात. गाभण गाय कारखान्यावर कुठे न्यायची? काहीजण ती भावकीत नाहीतर ओळखीत अर्धलीनं ठेवतात, म्हणजे सांभाळणाऱ्यानं सांभाळायची आणि होणाऱ्या वासरात निम्मा वाटा घ्यायचा. गाय मूळ मालकाचीच राहते. काहीजण मात्र विकून मोकळे होतात. मी त्यांच्याकडे जाते.

त्या वर्षी एका वस्तीवर तांबडी, गीर वळणाची गाय बघितली. घरी माणूस एकटाच होता. बायको पोरांना आजोळी सोडायला गेली आहे म्हणाला. मी गाईच्या उजव्या कुशीवर तळहात दाबून धरला. आतून वासरानं अशी ढुशी दिली की मला हसू आलं, पण तोंडावर काही दाखवलं नाही.

"लई म्हातारी झालीय," मी म्हटलं.

"म्हातारी हाय आक्का, पर दुधाला कमी न्हाई."

मी भाव सांगितला. मुद्दाम कमीच सांगितला, कारण तो वाढवून मागणार आणि मग आपण थोडं सरकायचं, असा माझा हिशेब. त्यानं मागितलंच नाही. मान डोलावली, एकदा रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आत्ताच घिऊन जा." मी खूश झाले. माणूस एवढी घाई कशाची करतो, हे विचारायचं मला सुचलं नाही.

गाय दिवाळीनंतर व्याली. भर दुपारी, कुणाला न बोलावता. कालवड झाली, वासरामागची वारही वेळेवर पडली. मी शेजारणींना खरवस कबूल करून बसले आणि संध्याकाळी बादली घेऊन गाईखाली बसले. तिनं पान्हा चोरला. पुन्हा हात लावला तर लाथ मारली, आणि बादली उकिरड्यापर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी मागच्या पायांना न्याणा, म्हणजे दोरीचा फास, घालून बघितला, तिनं तो तोडला. नवरा मोठ्या ऐटीत पुढे आला आणि मांडी चोळत मागे गेला. कालवड प्यायची तेवढी प्यायची, पण एवढंसं पोर किती पिणार? तिसऱ्या दिवशी कास इतकी तटली होती की बोट दाबलं तर दबत नव्हतं. गाय पाय फाकवून उभी राहायची आणि कण्हायची.

गुरांचे डॉक्टर आले. कासेला हात लावून त्यांनी तोंड वाकडं केलं. "दगडी धरतीय. आज सांजपर्यंत मोकळी झाली तर झाली, न्हाईतर सड जातील. इंजेक्शन देऊन आज पान्हा सोडवता येईल, पण उद्या काय? रोज का टोचणार हिला?"

इंजेक्शनावर चालणारी गाय मी कधी विकलेली नाही आणि विकणारही नाही. पण तिचं ते कण्हणं ऐकवत नव्हतं. मला रडू येत होतं आणि त्या माणसाचा रागही येत होता. दुधाला कमी नाही म्हणे! मी त्याला फोन लावला. तो सांगलीकडच्या एका फडात होता. मागे ऊस तोडल्याचा आवाज येत होता.

"गाय हाताला धरंना. हे सांगायचं व्हतं का न्हाई?" मी सुरुवातच अशी केली.

"आक्का, ती एकाच हाताची हाय," तो म्हणाला. "माझ्या बायकूशिवाय कुनालाच दूध देत न्हाई. तुमी एक करा. मी फोन तिला देतो, तुमी गाईच्या कानाजवळ धरा. तिच्या आवाजाला सोडंल." मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "पर आक्का, पाया पडतो. इकलीय असं म्हनू नका. म्या बायकूला गाय अर्धलीनं दिलीय असं सांगितलंय. लई नड व्हती. गुढीपाडव्याला गावी आलो की मीच सांगन."

मी काही बोलायच्या आत फोनवर बाईचा आवाज आला. "कशी हाय ती?"

तेव्हा मी काय सांगायला हवं होतं ते मला कळत होतं. पण समोर गाय कण्हत होती. मी एवढंच म्हटलं, "कास तटलीय. तुमी हाक मारा."

माझ्या नवऱ्यानं फोन मोठ्या आवाजावर करून गाईच्या तोंडाशी धरला. "आलं गं माय, आलं," ती बाई म्हणाली. "सोड गं, सोड. कावून रुसलीस?" मग जिभेनं टचटच केलं. गाईनं कान टवकारले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, फोन हुंगला. मी सडाला हात लावला. लाथ आली नाही. आधी घट्ट, पिवळसर धार आली, मग मोकळी. गाय डोळे अर्धे मिटून उभी राहिली. चारही सड मोकळे होईपर्यंत ती बाई बोलत राहिली, मध्येच मुकादम ओरडला तरी.

शेवटी तिनं विचारलं, "काय झालं आक्का? कालवड? बरं झालं. निम्मी तुमची, निम्मी आमची. मी पाडव्याला येते न्यायला."

मी "हं" म्हटलं. त्या एका "हं"वर मी पुढचे कितीतरी दिवस गप्प बसले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ती फोन करायची. त्या वेळी तिचा नवरा ट्रॅक्टरवर मोळ्या रचायला जायचा, फोन तिच्याकडे असायचा. ती झोपडीवजा कोपीसमोर भाकरी थापता थापता गाईशी बोलायची, मी दूध काढायची. सकाळचं दूध कालवडीला सोडलेलं. मी तिचा आवाज फोनमध्ये भरून ठेवून बघितला, पण गाईला त्यातलं काय कळलं कोण जाणे, तिनं बादलीच उडवली. रोज मी ठरवायची, आज सांगायचं. रोज ती विचारायची, पेंड घातली का, पाणी कोमट दिलं का, कालवड कशी हाय. आणि रोज मी पेंडीचं सांगून फोन ठेवायची. मला त्या माणसाचा संताप यायचा. लबाडी त्यानं केली आणि ओझं माझ्या गळ्यात.

तशात गिऱ्हाईक आलं. पालीकडचा माणूस, घरच्या दुधासाठी गाय हवी होती. सरळ वाटला. रीतीप्रमाणे म्हणाला, "दूध काढून दावा, मग बोलू." गाय फोनवर दूध देते हे मी त्याला सांगून टाकलं. लपवून विकण्यात अर्थ नव्हता. तो हसला, मला बघायचंच आहे म्हणाला, आणि परवा संध्याकाळी येतो असं सांगून गेला. त्या बाईला आधी खरं सांगायचं आणि मगच गिऱ्हाईक उभं करायचं, हे माझ्या मनात होतं. पण तो सांगितलेल्या दिवसाच्या आदल्या दिवशी, ऐन दूध काढायच्या वेळी आला, आणि फोन वाजला.

मी त्याला बजावलं, "दूध संपोस्तोर तोंडातनं शब्द काढू नका. गाय बुजते." त्यानं मान हलवली. मी फोन गव्हाणीत ठेवला. पलीकडून हाक आली, गाईनं पान्हा सोडला. बादलीत फेस चढत होता, तिकडे तव्यावर भाकरी उलटल्याचं ऐकू येत होतं, आणि तो माणूस वाकून वाकून बादलीत बघत होता. अर्ध्याहून जास्त भरली तेव्हा त्याला राहवलं नाही.

"वा! म्हातारी म्हनून कोन म्हनंल? बोला ताई, कालवडीसगट काय भावात देता?"

फोनमधला आवाज थांबला. गाईनं मान वर केली. माझ्या हातातली धार बारीक झाली आणि बंद पडली.

"कोन हाय तितं?" बाईनं विचारलं.

आता खोटं बोलणं मला जमणार नव्हतं. "गिऱ्हाईक हाय, बाई. गाय अर्धलीची न्हाई. तुमच्या मालकानं मला इकली, दसऱ्याच्या आधी. तुमी पोरं सोडाया गेलत्या तवा."

फोनमध्ये कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता. भाकरी करपली असणार. तो पालीचा माणूस माझ्याकडे बघत होता, त्याला काहीच कळत नव्हतं.

"मी न्हाई देत ह्यांला," मी म्हटलं. "तुमच्या मालकासंगं झालेला व्यवहार मोडते. तुमची गाय तुमी घिऊन जा पाडव्याला. पैशाचं मागनं बघू."

"नगा मोडू," ती म्हणाली. "दरसाली तिला कुनाच्या ना कुनाच्या दारात बांधून जातो आमी. आलो की सोडून आनायची, परत जायच्या येळंला परत बांधायची. आता म्हातारी झाली ती. एका दारात ऱ्हाऊ द्या." मग म्हणाली, "त्या दादाला फोन द्या."

त्यानं गव्हाणीतून फोन उचलला आणि टोपी सरळ केली. तिनं त्याला विचारलं, घरात दूध कोण काढणार. बायको, तो म्हणाला. "मग तिचा नंबर आक्काकडं द्या. मी रोज बोलन तिच्याशी. हाक कशी मारायची ते शिकवते. आठ-पंधरा दिसांत गाईला तिचा हात सवयीचा हुईल. पर पुढं इकू नका, दादा."

"न्हाई इकत, मावशी," तो म्हणाला.

"फोन परत ठिवा. कास अजून मोकळी झाली नसंल," ती म्हणाली.

तिनं हाक मारली. आवाज मध्येच फाटला. गाय हलली नाही आणि दूधही आलं नाही. तिकडे ती खाकरली, बहुधा पाणी प्यायली. पुन्हा हाक मारली तेव्हा आवाज नेहमीसारखा होता. मी धार काढत राहिले. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता.

दूध संपलं तरी तिनं फोन ठेवला नाही.

"आक्का, एक ऐका."

"बोला."

"मला कळलंय म्हनून आमच्या ह्यांला सांगू नका."

मला पुन्हा चीड आली. "कावून? जाब इचारा की त्याला!"

"इचारू कवा?" ती हळूच म्हणाली. "नवराबायकू मिळून एकच कोयता धरत्यात आमचा, एक हात सुटला तर दुसऱ्याचंबी काम जातं. अजून पाडव्यापोतर त्यांच्यासंगं ऊस तोडायचाय."

मागे कुणीतरी तिला हाक मारली. "आले," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.